राणीसाहेबांच्या हाताचं माप

माझं सासर रहिमतपूरचं. आम्ही चामड्यात हात घालणारी माणसं. त्यामुळे आमच्या हाताला कुणी हात लावत नसे. आमच्या हातच्या वस्तूंना मात्र सगळे लावत. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणायची, हातमोजे शिवत. खेड्यात हातमोजे घालतं कोण, असं मी नवी नवरी असताना नाक मुरडून विचारलंही होतं. तर जवळच्या एका संस्थानाचे राजेसाहेब घालत, शिकारीला. संस्थान एवढं मोठं, की राजेसाहेबांच्या मोटारीनं वेग धरेपर्यंत हद्द संपायची.

लढाईचे दिवस होते, विलायती माल येत नव्हता. अशात कुणी बडा गोरा साहेब संस्थानात येणार असं ठरलं. आता साहेब आला म्हणजे तो राणीसाहेबांपुढं हात करणार! राणीसाहेबांचं सोवळं कडक. गोऱ्याचा विटाळ होऊ नये म्हणून पांढरे, मऊ हातमोजे घालावेत, असा तोडगा वाड्यातल्या भटजींनी काढला. ते मोजे शिवायचे आत्यांनी, दर वेळी दोऱ्याला थुंकी लावून सुईत ओवत. या बारकाव्यात भटजी शिरले नाहीत.

माप म्हणून वाड्यावरच्या कारकुनानं एक कागद आणून टाकला. त्यावर पेन्सिलीनं पंजा काढलेला. आत्यांनी तो उजेडात धरला.

"राणीसाब भांडी घासत्यात व्हय?"

"जीभ आवर. कागदावर आहे तसं शिव."

आत्यांनी जतकडच्या कोकराचं कातडं मिळवलं, आठ दिवस चोळून मऊ केलं आणि कागदावर होतं तसंच शिवलं. मोजे वाड्यावर गेले आणि तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. आत्यांबरोबर मीही गेले. एकाच मोज्यात राणीसाहेबांचे दोन्ही हात मावत होते म्हणे!

"चार दिवसांत मोजे नीट बसले नाहीत, तर भर बाजारात तुझी आरी मोडीन," संस्थानाचे कारभारी गरजले. "पुन्हा या मुलखात शिवायला बसायचं नाही."

आत्यांनी कमरेला खोचलेली, कातड्याला भोकं पाडायची आरी चाचपून पाहिली. घर त्या आरीवर चालायचंच, पण आरी गेली तर आत्यांचं काय उरणार, याची मला जास्त भीती वाटली.

खरा प्रकार तिथं वाड्याच्या मागच्या अंगणातच कळला. राणीसाहेबांना कागदावर हात ठेवायला सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. मग भांडी घासणाऱ्या बाईचा पंजा काढून सगळे मोकळे झाले होते. एवढं उघड झालं, तरी चूक आत्यांचीच राहिली.

भटजींनी पुन्हा तोडगा काढला. दासी दोऱ्यानं माप घेईल, हिनं लांबून बघावं.

"न्हाई," आत्या म्हणाल्या. "हात हातात घेतल्याबिगर आता म्या माप घेत न्हाई. मोडा आरी."

मी आत्यांचा पदर ओढला. कारभारी तोंड उघडणार, तोच पडदा सारून राणीसाहेब बाहेर आल्या. विशीतली पोर ती. तिनं हात पुढं केला. भटजी काहीबाही पुटपुटत चार पावलं मागं सरले.

आत्यांनी तो हात आपल्या हातात घेतला. एकेका बोटाला दोरा गुंडाळला, गाठ मारली, तळवा दाबून पाहिला. दोन्ही हातांची दहा बोटं झाल्यावर परत पहिल्यापासून. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं, तरी आत्यांचं मापच संपेना.

मोजे अंगच्या कातडीसारखे बसले. साहेबाच्या मडमेनं कौतुकानं चौकशी केली, तेव्हा कारभाऱ्यांनी ते विलायतेचे म्हणून ठोकून दिलं. आरी शाबूत राहिली, हेच आमचं बक्षीस.

माप घेऊन आम्ही परतत होतो, तेव्हाच वाटेत मी विचारलं होतं, "आवं आत्या, तुमी तर नुसत्या नजरंनं माप सांगता. मग दोन-दोनदा कशापायी?"

"माप पयल्याच बोटाला कळलं हुतं," आत्या म्हणाल्या. "पर भटजी बघत हुता न्हवं."