डाव्या बाजूची पानं

काजवालीच्या घरी पत्ते खेळायचे ते चौघांनीच, हा अकरा वर्षांचा शिरस्ता होता. ती कपड्यांच्या कारखान्यासाठी घरबसल्या काजं करायची, म्हणून सगळी आळी तिला काजवाली म्हणे. नवरा लोखंडाच्या गोदामात क्रेन चालवायचा, वर छपराला टेकलेल्या केबिनमध्ये बसून. तिचा धाकटा भाऊ त्याच गोदामात खाली उभा राहून त्याला हातांनी खुणा करायचा. उचल, थांब, मागे, सोड. सुट्टीच्या दिवशी भावजय आली की मेंढीकोट रंगायचा आणि दोन मजले ऐकतील एवढा आरडाओरडा व्हायचा.

मग एका सोमवारी नळ्यांचा भारा गोदामातल्या मांडणीवर आदळला. कुणाला लागलं नाही, पण मांडणीचा खांब वाकला.

"तू खूणच केली नाहीस," नवरा म्हणाला.

"दोन्ही हात वर करून ओरडत होतो, भाऊजी!"

शब्दाला शब्द वाढला. सव्वीस वर्षांत माझ्याकडून चूक झाली नाही, असं नवरा म्हणाला. भावाने त्यावर काहीतरी कडू ऐकवलं. त्या सुट्टीला भाऊ-भावजय आले नाहीत, पुढच्याही नाही. गोदामात दोघांचं बोलणं उरलं ते फक्त हातवाऱ्यांचं.

घर एकदम गप्प झालं. काजवालीला ते सोसेना. नवऱ्याची पाळी दोनला सुरू व्हायची. जेवण आटोपल्यावर तासभर रिकामा असायचा आणि त्या तासात तो नुसता भिंतीकडे बघत बसे. तिने ठरवलं, चौघं नाहीत तर नाहीत, दोघांचा खेळ काढायचा.

आधी रमी. दोघांत रमी होते, पण नवरा दोनच दिवसांत कंटाळला.

"तेरा पानं धरून बसायचं म्हणजे वैताग. बोटं दुखतात."

सव्वीस वर्षं क्रेनचे दांडे ओढणाऱ्या माणसाची बोटं पत्त्यांनी दुखतात, याचं तिला हसू आलं. तिने ते हसण्यावारी नेलं.

मग तिने सात-आठ काढला. हा तिला वडिलांनी शिकवलेला, खास दोघांचा खेळ. तीस पानं. पाच हातात, बाकीची आपापल्यासमोर ओळीने, खाली पालथी आणि त्यांवर उघडी. हुकूम बोलेल त्याने आठ हात करायचे, दुसऱ्याने सात. समोरचं सगळं दिसत असतं, त्यामुळे डोकं चालवावं लागतं. नवऱ्याचं डोकं तर या बाबतीत तल्लख. तरी तो हरायला लागला, आणि तेही कसं? तिने बदामाचा राजा टाकला आणि त्याने सरळ हुकमाने कापला.

"अहो, बदाम आहे की तुमच्याकडे!"

"कुठाय?"

"हे काय, समोरच. दश्शी."

त्याने मान वळवली, दश्शीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "नजरचूक झाली," म्हणाला. दुसऱ्या दिवशी किलवरचा एक्का तसाच पडून राहिला. तिसऱ्या दिवशी चौकटची राणी. लबाडी म्हणावी, तर लबाडी करणारा आपलाच एक्का कशाला वाया घालवेल? चौथ्या दिवशी तिने नीट लक्ष ठेवलं. राहून जाणारं पान दर वेळी ओळीच्या डाव्या टोकाचं असायचं.

एकदा नजर बसली की माणसाला काय काय दिसतं! त्याच्या डाव्या दंडावर दोन काळे-निळे डाग होते, एक जुना, एक ताजा. दाराच्या चौकटीला लागलं म्हणे. पाण्याचा पेला तिने डावीकडे ठेवला की तो उजवीकडे चाचपडायचा आणि "पाणी कुठाय?" म्हणून तिच्यावरच खेकसायचा. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिला कळलं, पण ते तोंडाने म्हणायचा धीर होईना.

पाचव्या दिवशी त्याने स्वतःच पत्ते पिसले.

"आज भिकार-सावकार खेळू."

"तो पोरांचा खेळ!"

"असू दे. मला आवडतो."

अर्धी-अर्धी पानं वाटून दोघांनी एकेक पान मधोमध टाकायचं, मोठं पान टाकेल त्याने दोन्ही उचलायची. ना हातात पंखा धरायचा, ना समोर ओळ मांडायची. तो जिंकला, मोकळेपणाने हसलाही. पत्त्यांवरून तो असा हसला त्याला महिने झाले होते. काजवालीला मात्र कळून चुकलं. या माणसाने खेळ आवडीने निवडला नव्हता. जेवढं दिसतं तेवढ्यात बसेल असा निवडला होता.

म्हणजे त्याला माहीत होतं.

"अहो," ती पानं गोळा करता करता म्हणाली, "खूण करणारा तुमच्या कुठल्या बाजूला असतो?"

तो चप्पल घालत होता. हात थांबले.

"का?"

"सहज."

"डावीकडे. उजवीकडे भिंत आहे." मग क्षणभराने, तिच्याकडे न बघता, "मान वळवली की दिसतं सगळं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. उगाच कुठे बोलू नकोस."

आणि तो निघून गेला.

तिने भावाला फोन लावला. तीन महिन्यांनी बहिणीचा आवाज ऐकून तो आधी गांगरला. तिने एका दमात सगळं सांगितलं.

"ताई, मला शंका होतीच. त्या दिवसापासून मी भिंत आणि भाऱ्याची वाट यांच्या मधल्या बोळात उभा राहतो, त्यांच्या उजवीकडे. तिथे उभं राहायला मनाई आहे. पण तिथूनच त्यांना मी दिसतो."

"मग कुणाला बोलला का नाहीस?"

"काय बोलू? भांडलो म्हणून सूड घेतोय, असंच म्हणाले असते."

"आज तिथेच उभा राहा रे बाबा. नीट उभा राहा."

"आज मी घरी आहे, ताई. रजा घेतलीय. आज नवा माणूस आहे."

काजवालीने मशीनवर चढवलेला सदरा तसाच सोडला. गोदाम चालत वीस मिनिटं. ती बारा मिनिटांत पोचली. पहारेकरी म्हणाला, आत जायला मनाई आहे. तिने त्याला बाजूला सारलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने कुणाला ढकललं होतं.

आत धूळ होती आणि लोखंडाचा करकराट. वर केबिनच्या काचेत नवऱ्याचं डोकं दिसत होतं, एवढंसं. साखळ्यांना लटकलेला सळयांचा भारा संथपणे सरकत होता. मुकादम दारापाशीच उभा होता.

"त्यांना डावीकडचं दिसत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या नवऱ्याला. डावीकडचं दिसत नाही. थांबवा!"

मुकादमाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग वर, मग भाऱ्याच्या वाटेत. तिथे एक माणूस पाठमोरा बसून खडूने आकडे लिहीत होता. नवा खूणवाला दोन्ही हात हलवत होता, डावीकडे उभा राहून. भारा थांबला नव्हता. मुकादमाने शिट्टी तोंडात घातली आणि गाल फाटतील अशी फुंकली.

साखळ्या कचकन थांबल्या. भारा झोके घेत राहिला. खडूवाल्याने वळून पाहिलं आणि बसल्या जागीच मागे सरकत गेला, उठायचं त्याला सुचलंच नाही.

नवरा शिडीवरून खाली आला, एकेक पायरी चाचपत. बायकोला पाहिलं आणि सगळं समजला. घराच्या दारात आल्यावर म्हणाला,

"माझ्या हातून कुणी मेलं नव्हतं."

"अजून नव्हतं," ती म्हणाली.

डोळ्यांच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजवाही नाकाकडच्या बाजूने विझत आलेला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकवता येईल, टिकली तर.

"कधीपासून असं होतंय?" डॉक्टरने विचारलं.

नवऱ्याने गुडघ्यांवरचे हात बघत उत्तर दिलं.

"दीड वर्ष."

काजवाली शेजारच्या खुर्चीत बसली होती. दीड वर्ष. मांडणी वाकली त्याच्याही कितीतरी आधीपासून. तिचा भाऊ तोवर रोज डावीकडे उभा राहत होता. दिवसाला किती भारे फिरतात हे तिला माहीत होतं. तिने गुणाकार केला नाही.

डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते. ती उठली आणि मागून जाऊन नवऱ्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली. त्याला कळलंही नाही. थोड्या वेळाने त्याने उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि घाबरून विचारलं,

"अगं, कुठे गेलीस?"