सत्तेचाळीस नंबरची चौकट

तुळशीचं लग्न झालं की पुढच्या शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास आमचं फाटक वाजायचं आणि मी चहात एक कप पाणी वाढवायचे. रुपराव मिस्त्री कन्हानहून पहिल्या बसने निघालेले असायचे. खांद्यावर रेक्झीनची पिशवी, पिशवीत जवसाच्या तेलाची बाटली, जुन्या धोतराच्या चिंध्या आणि एक पटाशी. त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या घराच्या सातही चौकटी त्यांनी १९८८ साली केल्या, आणि पुढे तेहेतीस वर्षं ते त्यांना तेल द्यायला येत राहिले. "तेल लावतो" असं ते कधी म्हणाले नाहीत. "बाई, पोरींले पाजून देतो," म्हणायचे.

आतल्या सहा चौकटी तासाभरात उरकत. समोरच्या दारापाशी मात्र ते जेवणवेळेपर्यंत बसत. आधी खालची वीतभर जागा पटाशीच्या मुठीने ठोकून कान लावायचे. भिंत आणि लाकूड यांच्यात केसाएवढी फट दिसली तरी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवायचे. मग उन्हात कोमट केलेलं तेल, चिंधीने, लाकडाच्या रेषेरेषेने. एक हात मुरला की दुसरा.

"रुपराव, बाकीच्या सहाजणींवर अन्याय होतो हो," मी एकदा म्हटलं.

"मोठीले जास्त लागते जी. ऊन-पाणी तिच्याच तोंडावर येते."

मला ते पटलं. मला त्यांचं सगळंच पटायचं.

ती समोरची चौकट माझी होती. घराचा नकाशा ह्यांचा, विटा-सिमेंट ह्यांचं, पण त्या दाराचं लाकूड मी निवडलं होतं. माझ्या डायरीत १३ फेब्रुवारी १९८८, शनिवार, या तारखेला त्यावर दीड पान आहे. लकडगंजमधल्या आरामशिनींवर सकाळी दहापासून आम्ही तिघं फिरत होतो, मी, रुपराव आणि माझे पती वामनराव. हे पाटबंधारे खात्यात इंजिनीअर. तासाभरात कंटाळले आणि पान खायला गेले. रुपरावांनी मला सागवान बघायला शिकवलं. लाकूड टोकाकडून बघायचं. वर्षांच्या रेघा जेवढ्या जवळजवळ, तेवढं झाड सावकाश वाढलेलं. कडेला फिकट पट्टा असेल तर तो सोडायचा, वाळवी तिथूनच शिरते. ओलं फडकं फिरवायचं, म्हणजे लावलेला रंग असेल तर फडक्यावर येतो. चार जागी नको म्हटल्यावर पाचव्या जागी एका ओंडक्यावर मी हात ठेवला. रुपराव नुसतं "हं" म्हणाले, पण त्यांचा चेहरा मला आठवतो.

मी सिस्टर लोकांच्या शाळेत, बोर्डिंगमध्ये वाढले. तिथे प्रत्येक मुलीला एक नंबर असे आणि तो फ्रॉकपासून चमच्यापर्यंत सगळ्यावर घालावा लागे. नंबर नसलेली वस्तू हरवली तर तक्रार ऐकून घेत नसत. माझा नंबर सत्तेचाळीस.

"रुपराव, यातून जी चौकट कराल तिच्यावर सत्तेचाळीस कोरा."

"लाकडाले काय शाळेत टाकून राहिल्या का जी?"

"हरवायला नको म्हणून."

तेवढ्यात पान चघळत हे परत आले. "जपून राहा, रुपराव. ही एक दिवस मलाही नंबर घालेल."

चौकटीची वरची आडवी पट्टी दोन्हीकडे थोडी बाहेर निघालेली असते. त्या टोकांना सुतार शिंगं म्हणतात. ती भिंतीत गाडली की चौकट जागची हलत नाही. रुपरावांनी उजव्या शिंगावर आकडा कोरला. एप्रिलमध्ये मुहूर्तावर चौकट उभी राहिली. मागची बाजू डांबराने काळी केलेली, पुढून गडद पॉलिश. आंब्याची पानं बांधली, रुपरावांना टोपी-उपरणं दिलं. हळदकुंकू वाहताना मी शिंगावरचा सत्तेचाळीस बोटाने चाचपून पाहिला. मग भिंत वर चढली आणि तो आत गेला.

हे २०११ साली गेले. त्यानंतरही शनिवार चुकला नाही. तेरा दिवसांनंतर भेटायला आले तेव्हा रुपराव घरात न येता दाराजवळच बसले आणि चौकटीवर डोकं टेकवून रडले. मी त्या दिवशी डायरीत लिहिलं आहे: 'आपल्या माणसासारखा माणूस.'

तीन वर्षांपूर्वी कन्हानला अंगणात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. येणं थांबलं. मी जवसाचं तेल आणलं, पण माझा हात वर पोचत नाही आणि खाली वाकवत नाही. माझा मुलगा जितेंद्र म्हणायचा, "आई, ग्रॅनाइटची बसवू. एकदा लावली की बघायला नको."

"सागवान आहे ते. तुझ्यानंतरही राहील."

"तू निवडलंय म्हणून?"

"हो. मी निवडलंय म्हणून."

यंदा श्रावणात दार अडकायला लागलं. जितेंद्रने चौकटीच्या पायथ्याशी पेचकस टोचला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. आत मातीचे बोगदे होते. त्याने पेचकस पुसून खिशात ठेवला. मीच म्हटलं, "काढून बघ. सागवान किडलेलं निघालं तर तुझं ग्रॅनाइट बसव, मी एक शब्द बोलणार नाही."

चौकट काढायला दुर्गेश नावाचा तरुण सुतार आला. त्याने ती अंगणात आडवी ठेवली, वरून रंधा मारला आणि थांबला.

"आजी, सागवान कोणी सांगितलं तुम्हाले?"

"सांगायचं कोणी? मी स्वतः पसंत केलं."

"हळदू आहे हे. हळदीसारखं पिवळं पाहा ना. कपाटाच्या आत चालते. पाण्या-पावसाच्या दाराले कोणी नाही लावत."

मी आत जाऊन अठ्ठ्याऐंशीची डायरी आणली आणि दीड पान त्याला उभ्याने वाचून दाखवलं. तो बिचारा रंधा हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"डायरी खरी असन जी," तो म्हणाला. "पण लाकूड हळदू आहे."

मी त्याला उजवं शिंग रॉकेलने पुसायला लावलं. डांबर गेलं. खाली सत्तेचाळीस होता.

नंबर माझा आणि लाकूड दुसरं. म्हणजे तो आकडा दोनदा कोरला गेला होता, आणि कोरणारा हात एकच होता. दुसऱ्या दिवशी मी जितेंद्रला गाडी काढायला सांगितली.

रुपराव घरासमोर बाजेवर बसले होते. बाजूला काठी. मला पाहून उठायची धडपड केली. "बाई! इतक्या दूर काहून आल्या? निरोप धाडायचा ना."

"रुपराव, समोरची चौकट काढली. हळदू निघालं."

ते परत बसले. काठीची मूठ अंगठ्याने घासत राहिले.

"उधई लागली?" वाळवीला ते उधई म्हणत.

"लागली."

"तीन वर्षं तेल नाही ना भेटलं." आणि मग, मी न विचारता, "तुमचं सागवान काटोलले आहे जी. जिजाताईच्या दाराले."

जिजाबाई माझी नणंद. त्याच वर्षी काटोलला त्यांचंही घर बांधणं चालू होतं. मुहूर्त चार दिवसांवर आला आणि त्यांच्या चौकटीचं लाकूड आलंच नाही. आमची चौकट रुपरावांच्या छपरीत तयार उभी होती. माप एकच, सात बाय चार. वामनरावांनी ती ट्रकवर चढवली. आमचा मुहूर्त दहा दिवसांनी होता. तेवढ्यात जे सुकलेलं लाकूड हाताशी होतं, त्याची रुपरावांनी दुसरी केली.

"आणि नंबर?"

"साहेब म्हणे, तेही कोर. ती हात लावून पाहीन."

त्यांनी मला किती नीट ओळखलं होतं!

"मले म्हणे, मी सांगतो तिले सवडीनं. मी दर साली वाट पाहून राहिलो. आलो का तुमच्या तोंडाकडं पाहो. समजलं नसन तर मी कसा बोलू? साहेब गेले, मग तर काय बोलू?" त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "हळदू बाहेरच्या दाराले दहा साल नाही टिकत, बाई. मी त्याले तेलावर जगवलं."

"जिजाबाईंना माहीत आहे?"

"गृहप्रवेशाले म्हणे, वहिनीची पसंती लय भारी आहे."

मी चहा घेतला नाही. त्या घरी पहिल्यांदाच गेले होते आणि त्यांच्या सुनेने आणलेला कप तसाच ठेवून उठले.

घरी येऊन पुढच्या वर्षाची डायरी उघडली. १९८९, काटोलची दिवाळी. माझंच अक्षर: 'जिजाबाईंच्या दाराची चौकट आपल्यापेक्षा उजवी वाटते. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, तुझा भास.' त्यानंतर कितीतरी दिवाळ्यांना मी त्या दारातून आत गेले, चौकटीला हात टेकून चपला काढल्या. जिजाबाई आरतीचं ताट घेऊन समोर उभ्या असायच्या आणि हसायच्या. मागितली असती तर मी दिली असती, असं मला म्हणायचं होतं. पण बसून विचार केला, तर खरंच दिली असती की नाही, ते मला सांगता येईना. ती संधीच कोणी दिली नव्हती. तीन माणसांनी मिळून मला माझ्याच दारात पाहुणी ठेवलं, आणि त्यातल्या एकाला मी आपला माणूस म्हणून लिहून ठेवलं होतं.

जिजाबाईंचा रविवारी फोन येतो. तो मी उचलणं सोडलं.

जितेंद्र ग्रॅनाइटचं नाव काढेना. त्याची ती दया मला जास्त लागली. शेवटी मीच दुर्गेशबरोबर लकडगंजला गेले, टोकाकडून रेघा पाहिल्या, ओलं फडकं फिरवलं. सगळं रुपरावांनी शिकवलेलं. दुसरं काही मला येतच नव्हतं. चौकट बसवायच्या दिवशी दुर्गेशने विचारलं, "आजी, नंबर कोरू?"

"नको."

तुळशीचं लग्न झालं. पुढच्या शनिवारी नऊ वाजता फाटक वाजलं.

काठी टेकत, बसचे दोन टप्पे करून रुपराव आले होते. खांद्यावर तीच पिशवी. मी दारात उभी राहिले, "या" म्हणाले नाही. ते पायरीवर बसले, दम घेतला, पिशवीतून तेलाची बाटली काढून उन्हात ठेवली. मग नव्या चौकटीच्या पायथ्याशी मुठीने ठोकून कान लावला. एक डोळा मोतीबिंदूने गेलेला, दुसरा अधू.

"सागवान आहे," ते म्हणाले. "चांगलं पाहिलं तुम्ही."

"तेल लावून झालंय, रुपराव. दुर्गेशने लावलं."

कोणी लावलं नव्हतं. लाकूड रंध्याखालून निघालं तसं कोरडं होतं.

त्यांचा तळवा चौकटीवरच होता. तो त्यांनी खालून वर, हात पोचेल तिथपर्यंत सावकाश फिरवला आणि मग स्वतःची बोटं एकमेकांवर घासून पाहिली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"बरं केलं, बाई," म्हणाले.

बाटलीचं बूच घट्ट करून त्यांनी ती पिशवीत ठेवली, काठी शोधली आणि उठले. फाटकापर्यंत जायला त्यांना बराच वेळ लागला. मी तोवर दारातच उभी होते. आत चहाचं पाणी एकाच कपाचं ठेवलेलं होतं.