तापलेला निळा, थंड लाल

पूर्णेच्या नाटकमंडळीत रंगनाथचं नाव जाहिरातीत कधी छापलं गेलं नाही. पण त्याच्या बोटाखाली दिव्यांचा उजेड कमीजास्त करणारा डिमर फिरला, की राजा संतापायचा आणि चंद्र उगवायचा! पुढं मंडळी पांगली, पडदे उंदरांनी खाल्ले. रंगनाथची दिव्यांची पेटी तेवढी खाटेखाली राहिली, कुणी बोलावील या आशेवर.

बोलावलं धम्मशीलाबाईंनी. शेजारच्या गल्लीत वाढलेल्या, आता शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या.

"रंगनाथकाका, पोरांना ताऱ्यांची ओळख करून द्यायचीय. एक लय तापलेला, एक सूर्यासारखा, एक थंड. हेडसर म्हणतात टीव्हीवर दाखवा. तुमाला जमंल?"

"जमंल का? लेकी, मी अख्खी लंका पेटवलीय!"

शाळेच्या हॉलात त्यानं तीन दिवे टांगले. तापलेल्या ताऱ्याला लाल जिलेटीनचा कागद, मधल्या सूर्याला पिवळा, थंडाला निळा. पोरं व्हरांड्यात रांगेत थांबलेली. तोंडानंच तिसरी घंटा वाजवून त्यानं दिवे लावले. बाईंनी कपाळाला हात लावला.

"काका, उलटं झालं. निळा तापलेला. लाल थंड."

"तुमी थट्टा करायलाव का? राग आला की माणूस लाल होतो, का निळा? आन् निळ्या उजेडात आमची नायिका तीस वरसं कुडकुडली, ती फुकट?"

"थंड म्हणजे बर्फ न्हाई हो. लाल ताराबी भट्टीपेक्षा तापलेलाच असतो. बाकीच्यांपेक्षा थंड."

थंड, पण भट्टीपेक्षा तापलेला! रंगनाथचं डोकं गरगरलं. आता टीव्हीच येणार आणि पेटी पुन्हा खाटेखाली जाणार, हे मात्र त्याला लख्ख कळलं.

"बरं, मधल्या दिव्याचा कागद काढा," बाई म्हणाल्या. "आता हळूहळू उतरवा."

डिमर फिरला. पांढरा दिवा पिवळा झाला, मग नारिंगी, आणि विझता विझता दिव्यातली तार लाल. मरणाच्या प्रवेशाला त्यानं कितीदा असाच दिवा उतरवला होता!

"निवायला लागला की लाल. बघितलं?"

"बघितलं तर रोजच," तो पुटपुटला. "मग आमचा राजा रागानं थंड पडायचा म्हना की!"

पटलं का, त्याचं त्यालाच कळेना. पण त्यानं कागद बदलले. पोरं आत आली. निळा तारा पेटला आणि सगळा हॉल "आऽऽ" म्हणाला.

"हा सगळ्यांत तापलेला," बाई सांगू लागल्या, "आणि पुढच्या शनिवारी काका आपल्याला याच दिव्यांनी ग्रहण दाखवणार."

रंगनाथनं मोठ्या रुबाबात मान डोलावली. आणि त्या निळ्या उजेडात, जुन्या सवयीनं, गळ्यातला मफलर घट्ट आवळून घेतला.