बाबांच्या कॅरमची लिंक

बाबा आणि त्यांचे दोस्त टेलरमास्टर चाचा फोनवर बोलायला लागले की मला दोघांचीही कीव यायची. "जेवले का मास्टर?" "हो. तुम्ही?" "झालं." मग लांबलचक शांतता, आणि शेवटी "बरं, ठेवतो." हीच दोन माणसं वर्षानुवर्षं इथे बदनापूरला चाचांच्या टेलरिंगच्या दुकानात रोज दुपारी कॅरम खेळत आणि जगातल्या झाडून साऱ्या विषयांवर भांडत. चाची गेल्या, लेकीने चाचांना हैदराबादला नेलं आणि आमच्या बाबांचं तोंडच बंद झालं. मधे बोर्ड असल्याशिवाय या दोघांना बोलताच येत नव्हतं. बाबा ताटावरून अर्धवट उठायचे. आई म्हणायची, "ह्यांना काही होतंय का, बघ जरा." काय होतंय ते मला दिसत होतं, आणि भीती वाटत होती.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम घरूनच करते. हौस म्हणून एका मैत्रिणीबरोबर ऑनलाइन कॅरम बनवलं होतं. खेळ चांगला होता, पण त्यात शिरायचं म्हणजे सर्व्हरचा आकड्यांचा पत्ता, पोर्टचा नंबर, खोलीचं नाव आणि वर पासवर्ड, सगळं हाताने टाकायचं. बाबांनी एकदा करून पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला. "हा खेळ न्हाई, तहसीलचं काम हाय."

टोमणा वर्मी लागला. मग मी हे सगळं एकाच लिंकमध्ये बसवायला घेतलं. सुरुवातीलाच आमच्या खेळाचं नाव, म्हणजे हे ब्राउझरचं काम नाही, कॅरमचं आहे हे फोनला कळेल. पुढे सर्व्हर, पोर्ट आणि शेवटी खोली. बोट लावलं की थेट बोर्डासमोर. पासवर्ड तेवढा मी बाहेर ठेवला. लिंक कुठेही फिरते, तिच्यात किल्ली ठेवायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

बाबांना ते पटेना. "म्हंजे माणसाला दारापर्यंत बोलवायचं अन् आतून कडी लावायची?"

"बाबा, कुणीही घुसेल."

"घुसू दे की!"

त्यांच्यापुढे कुणाचं चाललंय! किल्ली लिंकमध्ये घातली. बाबांनी लिंक चाचांना पाठवली आणि त्याच उत्साहात आपल्या ऑफिसातल्या जुन्या सोबत्यांच्या ग्रुपवरही टाकली. दुपारी चाचा आले तेव्हा चारही जागा भरलेल्या. त्यांना दिसलं फक्त 'खोली भरली आहे' हे कोरडं वाक्य, तेही मीच लिहिलेलं. त्यांचा फोन आला. "काही हरकत न्हाई भाऊ, तुमचा खेळ चालू द्या."

मी बाबांवर अशी काही भडकले की विचारू नका. ते आपले खाली मान घालून म्हणाले, "दुकानात बी लोकं उभे राहायचेच ना. सल्ले देणारे नसले तर मंग कॅरम कसला?"

राग ओसरल्यावर मला ते पटलं. बसणारे दोघं आणि भोवती उभं राहून अक्कल शिकवणारे सगळे, असाच आमच्याकडचा कॅरम. मी लिंक नव्याने बांधली. खोलीच्या नावापुढे आणखी एक शब्द घातला: 'खेळायला' किंवा 'बघायला'. खेळायच्या लिंकमध्ये त्या माणसाची जागा राखलेली, बघायच्या लिंकने हवे तेवढे उभे राहा. चाचांना कोणती पाठवायची, विचारलं तर बाबा म्हणाले, "दोन्ही दे. खेळायचं मन नसलं तर नुस्तं बघतील."

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसले. सोबती एकेक करून येऊन उभे राहिले. चाचाही आले, पण बघायच्या लिंकने. समोरची जागा रिकामीच. बाबांनी आईच्या फोनवरून त्यांना फोन लावला, स्पीकरवर.

"जागा सोडून उभे का राह्यले मास्टर? रुसले का?"

"न्हाई भाऊ." चाचा म्हणाले. "हात लई थरथरून राह्यला आता. बोट ठेवलं की स्ट्रायकर भलतीकडंच जातो. लेकीला बी सांगितलं न्हाई. मी बघतो ना, बिलकुल मजेत बघतो."

बाबांनी समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस कायमचाच गप्प होणार. तेवढ्यात त्यांनी माझ्यापुढे हात केला. "तुझा फोन दे. मास्टरची खेळायची लिंक ह्याच्यावर उघड."

मी उघडली. बाबांनी स्वतःचा फोन डाव्या बाजूला ठेवला, माझा उजव्या.

"हं मास्टर, तुमची पाळी. कुठं मारू?"

पलीकडे चाचा बोर्ड निरखत होते. मग, "उजव्या कोपऱ्यातली पांढरी घ्या. हळू. उगं जोर लावता तुम्ही."

"मला शिकवू नका."

"मंग विचारता कशाला?"

आणि जुंपली दोघांची! पांढऱ्या सोंगटीवरून सुरू झालेलं भांडण हैदराबादच्या चहावर गेलं, तिथून जावयावर, तिथून आमच्या गल्लीतल्या नळावर. बघायला आलेले सोबतीही आपापले सल्ले लिहून पाठवत होते. मी ओढणीने डोळे पुसत होते आणि आई मला हसत होती.

स्वतःच्या पाळीला बाबा झटक्यात मारून मोकळे व्हायचे. चाचांची पाळी आली की चष्मा पुसायचे, माझा फोन सरळ करायचे, दोनदोनदा विचारून घ्यायचे आणि श्वास रोखून बोट ठेवायचे. राणी चाचांनी घेतली. डाव बाबा हरले. स्वतःसाठी त्यांनी आयुष्यात कधी एवढं जपून नेम धरला नसेल.