हंड्यांच्या रांगेवर युरोप

सूर्यमाळला, सासुरवाडीच्या झऱ्यावर बायकांनी लावून ठेवलेली हंड्यांची रांग मी हलवली. कशासाठी, तर युरोपचा नकाशा पसरायला जागा हवी होती.

मी भूगोलाचा शिक्षक. जव्हारच्या शाळेत फळ्यावर खडू न उचलता डॅन्यूब काढून दाखवायचो, आणि माझी स्वतःची धाव नाशिकपलीकडे गेलेली नव्हती. अशा माणसाचं लग्न झालं की त्याला मधुचंद्र सुचतो, आणि तोही साधासुधा सुचत नाही.

आमच्या शिक्षकांच्या खोलीतले मधुचंद्र मला तोंडपाठ होते. एक जण महाबळेश्वरला जाऊन आला होता आणि वर्षभर स्ट्रॉबेरीबद्दलच बोलत होता. दुसरा माथेरानला घोड्यावरून पडला होता, तरी फोटोत हसत होता. ज्यांना कुठेच जाणं जमलं नाही त्यांनी बायकोला गावाजवळच्याच शिरपामाळावर नेऊन, दरीकडे पाठ करून एकेक फोटो काढून घेतला होता. "तुम्हीपण शिरपामाळ करून या की," मला सांगण्यात आलं. आंघोळीला निघालेल्याला नुसतं तोंड धुवून घे म्हणावं, तसा मी त्यांच्याकडे बघून हसलो.

माझं ठरलं होतं. व्हिएन्ना, व्हेनिस, पॅरिस. ऑगस्ट सरता सरता निघायचं. तेव्हा तिकडचा उन्हाळा उतरणीला लागतो, गर्दी ओसरते, द्राक्षं पिकतात, असं कुठल्याशा दिवाळी अंकात वाचलं होतं. लिहिणारा तरी तिकडे गेला होता की नाही, देव जाणे. जायचं कसं, याचीही सोय होती. माझ्या आतेभावाचा एक मित्र बोटीवर भटारखान्यात होता, आणि तो "बघू" म्हणाला होता. त्या एका "बघू"वर मी तीन शहरं उभी केली. त्याचं बघणं अजून चालूच आहे.

बाजारातल्या शिंपी चाचांकडे लोकरी कोट शिवायला टाकला. चाचा म्हणाले, "मास्तर, अस्तर कशाला? इथं घालायचा तर घामोळं येईल."

"इथं नाही, व्हिएन्नाला," मी मान ताठ करून म्हणालो.

चाचांनी मापाची फीत गळ्यात टाकली, जरा विचार केला. "वहाँ यस्टी जाती है क्या?"

बायकोने मात्र सगळं मन लावून ऐकून घेतलं. ती सूर्यमाळची, वडील लहानपणीच गेलेले, आईने एकटीने डोंगरउतारावरची नाचणी करून वाढवलेली. माझं पॅरिस संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "भादव्यात आईला निंदणीला माणूस लागतं. दर वर्षी मी जाते. आई हो म्हणाली तर येते."

एका बाईचा होकार! मला वाटलं, त्यात काय, नकाशा दाखवला की झालं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. भिंतीवरचा युरोप उतरवला, कापडावर चिकटवलेला, दोन्ही टोकांना दांडे असलेला, आणि गुंडाळून एसटीत घेतला. कंडक्टरने त्या लांबलचक गुंडाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं, मास्तर?"

सूर्यमाळला पोचलो तेव्हा पाड्यावरची विहीर कोरडी पडली होती. खाली उतारावर एक झरा तेवढा जिवंत होता. कातळाच्या खोबणीत पाणी थेंबाथेंबाने जमायचं, आणि करवंटीने उपसून हंडा भरायचा. एक हंडा भरेपर्यंत माणूस कंटाळून जायचा. म्हणून बायका हंडे कातळावर ओळीने लावून घरच्या कामाला जात. हंडा जिथे, तिथे ती बाई उभी आहे, असंच धरायचं. दुसरीच्या हंड्याला कुणी हात लावत नसे. सासूबाईंचा हंडा त्या दिवशी सगळ्यांत पुढे होता. घरात माझ्यासाठी कोंबडं कापून ठेवलं होतं, आणि ते शिजायला पाणी या हंड्यातून यायचं होतं.

बायको म्हणाली, "तुम्ही बसा इथं राखणीला. गुरं तोंड घालतात. आम्ही भाकऱ्या करून येतो."

बाकीच्या बायकांनीही मान डोलावली. "मास्तर हायेत, मंग काय भ्याव!" असं म्हणत त्या चढून गेल्या. एवढा विश्वास माझ्यावर शाळेच्या हेडमास्तरांनीही कधी टाकला नव्हता. ते मला ओळखून होते.

मी बसलो. गुरं आली नाहीत. समोर सपाट कातळ. मनात आलं, सासूबाई येतील तेव्हा नकाशा पसरलेला असला तर काय परिणाम होईल! मी हंडे उचलून बाजूला ठेवले, एकावर एक. नकाशा पसरला. वारा सुटला होता, म्हणून कोपऱ्यांवर हंडेच ठेवले, नॉर्वेवर पितळेचा, स्पेनवर पोचा आलेला जर्मनचा. आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिलो. काय दिसत होता युरोप! रुबाबात. मीही असणार.

बायका परत आल्या आणि वर उतारावरच थांबल्या.

"कुनी काढले हंडे?"

"मी... जरा बाजूला..."

मग जे सुरू झालं ते फार वेळ चाललं. "माझा तिच्या फुडं व्हता." "कवा? तू तर उन्हं तापल्यावं आली." "माज्या मागं हिचा जर्मनचा व्हता, इचारा तिला!" मी भूगोलाच्या तासाला वापरतो तो आवाज काढून म्हणालो, "हे बघा, व्हेनिस म्हणून एक शहर आहे. तिथे गल्लीगल्लीत पाणी आहे. दारातून पाय बाहेर टाकला की पाणी!"

भांडण थांबलं. एक म्हातारी पुढे आली. "गोडं का खारं?"

"खारं."

"मंग काय चाटायचं?"

सगळ्या हसल्या आणि पुन्हा भांडायला लागल्या. तेवढ्यात सासूबाईंनी नॉर्वेवरचा आपला हंडा उचलला. त्या चालत पार शेवटी गेल्या आणि तो तिथे ठेवला. "माज्या घरच्यानं मोडली रांग. मी मागं ऱ्हाते. बाकीच्या आठवून लावा." हंडे मुकाट्याने लागले. माझ्या बायकोने नकाशा गुंडाळला. तिच्या माहेरच्या बायकांसमोर तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तेच बरं झालं.

सासूबाईंचा नंबर आला तेव्हा उन्हं डोंगरामागे गेली होती. मला करवंटीला हात लावू दिला नाही. घरी ते कोंबडं तसंच पडलं होतं, आणि मी दुपारपासून कोरडी भाकरी चावत त्याचा विचार करत होतो. एवढं झाल्यावर कुठल्याही शहाण्या माणसाने तोंड बंद ठेवलं असतं.

"मामी," मी म्हणालो, "ते भादव्याचं... हिला न्यायचं म्हणत होतो. युरोपात."

सासूबाईंनी डोक्यावर चुंबळ ठेवली, हंडा चढवला, एका हाताने सावरला.

"न्या की. माझी नाचनी मी निंदीन," त्या म्हणाल्या. "पन जावई, तिकडं कुठं रांग असंल तर पोरीला उभी करा. तुमी लांब बसा, आन् कशाला हात लावू नका."