अमीनसाहेबांच्या उंचीची सायकल

आमच्या घराण्यातून शाळेत सगळ्यात आधी गेली ती मेंढरं.

उमरग्याच्या मोठ्या शाळेचं काटेरी कुंपण मोडून ती एका दुपारी आत शिरली, मोठ्या मास्तरांनी हौसेनं वाढवलेली मेंदी बुडख्यापर्यंत खाल्ली आणि एकामागं एक, रांगेत बाहेर आली. (शिस्त आमच्याकडं आधीपासून होती. नव्हतं ते फक्त अक्षर.)

राज्य निजामाचं. ठाण्याच्या मुख्याला तेव्हा अमीन म्हणत. आमचे अमीनसाहेब ताडमाड उंच आणि त्यांची सायकल त्यांच्याहून उंच. ते सायकलीवरच आमच्या वस्तीवर आले. एक पाय भुईला टेकला, शीटवरून काही उतरले नाहीत. आबा, म्हणजे माझे वडील, मुंडासं हातात घेऊन खाली उभे.

"जनावर शाळेत आणि पोरगा रानात!" अमीनसाहेब म्हणाले. "उलटा कारोबार है तुम्हारा!"

आबा वर बघत "जी, जी" करत राहिले. साहेब बोलले बराच वेळ, त्यामुळं आबांची मान आखडली. मायनं ती तेलानं चोळायला घेतली. चोळता चोळताच आबा म्हणाले, "पोरगं शाळंत घालायचं."

माय म्हणाली, "मान दुखायली का डोस्कं?"

तेव्हाची आमची परिस्थिती सांगायची तर, ज्वारी असली तर भाकरी, नसली तर ताक, आणि ताकही नसलं की आबा गोष्ट सांगत. गोष्टी मला लई पाठ झाल्या, त्यावरून काय ते समजा. तरी त्या माणसानं मला गावच्या शाळेत घातलं. मी उर्दू शिकलो, पाढे शिकलो, आणि गावची शाळा संपली. पुढचं शिक्षण उमरग्याला, आमच्या वस्तीपासून तीन कोसांवर. तिथं मोठे मास्तर स्वतः तोंडी परीक्षा घेत. पास झालो तर दाखला; नापास झालो तर हातात काठी आणि पुढं मेंढरं. मधला मार्ग नव्हता.

अशात अमीनसाहेबांची बदली झाली. मुलीच्या लग्नाला त्यांनी आमचे दोन बोकड नेले होते. जाताना त्या बदल्यात आपली सायकल आमच्या दारात टेकवून गेले.

आबांनी सायकल विकत घेतलेल्या बैलासारखी तपासली. फेरी मारली, पाठीवर थाप मारली, पुढच्या चाकाखाली वाकून बघितलं. आणि मला उचलून शीटवर ठेवलं. माझे पाय हवेत! पायडल वर आलं की पायाला भेटायचं आणि खाली गेलं की निरोप घ्यायचं.

उमरग्याच्या सायकलवाल्यानं बघताक्षणीच पाना काढला. "शीट चार बोटं खाली घेतो. पोरगं पडंल न्हाय तर."

"हात लावू नगंस," आबा म्हणाले. "अमीन जिथं बसून माझ्याशी बोलला, तिथंच माझा पोरगा बसंल. एक बोट खाली न्हाय."

"मग दांडीखालून पाय घालून कैची तरी मारू द्या त्याला!"

"अमीन काय कैची मारत व्हता का?"

सायकलवाल्यानं पाना परत ठेवून दिला. मी अजून वरच होतो आणि उतरायचं कसं या विचारात होतो.

आमच्या सायकलीची बाकीची जुळवाजुळव घरच्या घरी झाली. शीट कडक लागते म्हणून मायनं तीवर घोंगडीची घडी बांधली. (त्यानं मी आणखी दोन बोटं वर गेलो.) दांडीला लिंबू-मिरची. चढायला दारापुढं एक मोठा दगड. त्या दगडावरून मी चढे, वस्तीला वेढा घाली आणि परत दगडाशीच येऊन उतरे. दगड हुकला तर दुसरा वेढा. एकदा दगड इतक्या वेळा हुकला की माय भाकरी घेऊन वाटेत उभी राहिली आणि मी जाता जाता तुकडा तोडत गेलो.

आता अडचण ऐका. आमच्या भागात सायकलीवर बसायचं कसं हे कुणी शिकवत नसे. उतरायचं कुठं ते मात्र सगळे सांगत. वडीलधारं दिसलं, उतर. देऊळ आलं, उतर. दर्गा आला, उतर. चावडी आली, उतर. मोठ्याच्या पुढं सायकल काढायची नाही, त्याच्या पाठीमागून घंटी वाजवायची नाही. न उतरणारा माणूस एकच, सरकारी. म्हणजे आबांना मी अमीनाइतका उंच बसायला हवा होतो आणि धनगराच्या पोराइतक्या वेळा उतरायलाही हवा होतो! दोन्ही एकाच सायकलीवर.

परीक्षेचा दिवस उजाडला तो नेमका बाजाराचा. मायनं दही हातावर ठेवलं आणि म्हणाली, "आपटू नगंस रं. दही खाल्लंयस."

निघता निघता आबांच्या लक्षात आलं की सायकलीची घंटी गंजून मुकी झालीय. ते वाघरीत, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कोंडाळ्यात गेले आणि म्होरक्या एडक्याच्या गळ्यातली घंटा सोडून आणून हँडलला बांधली. या एडक्याचं नाव सरदार. सगळी मेंढरं त्या घंटेमागं चालत. सरदारनं आबांकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी पाहिली होती. पण माझं ध्यान पाढ्यात होतं.

मी दगडावरून शीटवर, आबा मागं कॅरियरवर. निघालो.

सडकेला लागतो न लागतो तोच समोरून बैलगाडीत पाटील.

"उतर!" आबा.

मी उतरलो, म्हणजे डाव्या अंगानं पडलो. रामराम झाला. तिथं दगड नव्हता म्हणून आबांनी सायकल धरली, मी झाडावर चढावं तसा वर चढलो, आबांनी ढकललं, पळाले, उडी मारून मागं बसले. पुढं चार झाडं गेलो तर डोक्यावर कोंबड्यांची पाटी घेतलेली कोंडामावशी.

"उतर!"

पुन्हा पडलो. मावशी म्हणाली, "व्हय रं, पोराला फीट येती का?"

तिच्यामागं मारुतीचं देऊळ. उतर! देवळाच्या पारावर म्हातारे. ते तर जथ्थ्यानंच होते! तिथून निघालो तेव्हा सूर्य इतका वर आला होता की मी रडकुंडीला आलो. "आबा, असं उतरत गेलो तर परीक्षेला म्हातारा हूनच पोचतो बघा. मग लोक माझ्यासाठी उतरतील."

आबांनी विचार केला. "बरं. तू उतरू नगंस. दोघांच्या वतीनं मीच उतरतो."

ही युक्ती फार नामी होती. कुणी वडीलधारं आलं की आबा कॅरियरवरून टुणकन उतरायचे, "रामराम, माझा आन् पोराचा बी!" म्हणायचे, आणि पळत येऊन बसायचे. ते अंगानं इतके सुकडे की मागं आहेत का नाहीत हे शीटवर कळायचंही नाही. आणि इथंच घात झाला.

समोरून आले गुरप्पाआप्पा. किराणा दुकानदार, सीमेवरचा माणूस, निम्मं कन्नड निम्मं मराठी, आणि एकदा हात धरला की सोडायचा नाही अशी ख्याती. आबा उतरले. "एनप्पा, कुठं निघाले बापलेक?" एवढं मला ऐकू आलं. मग मी पुढं निघून आलो. कॅरियर जरासा हलल्यासारखा वाटला, म्हणजे आबा बसले, असं मी धरून चाललो.

वळून बघायची सोय नव्हती. मान वळली की हँडल वळे, आणि हँडल वळलं की दही वाया! म्हणून मी समोर बघूनच बोलत राहिलो.

"आबा, बाराचा पाढा म्हणू का?"

मागून धुळीचा लोट आणि कसलीशी दडदड. मला वाटलं, बाजाराच्या गाड्या.

"आबा, उमरगा दिसायलं. मुंडासं नीट बांधा."

"बॅऽऽ!"

आबांचा घसा कोरडा पडला असेल, असं वाटलं. (मी पुढं बी.ए. झालेला माणूस आहे, हे वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावं.)

"पाणी प्यायचं का?"

"बॅऽऽ! बॅऽऽऽ!" या वेळी तीस-चाळीस आबा.

काय झालं होतं ते नंतर कळलं. मायनं रोजच्यासारखी वाघर सोडली. सरदारनं कान टवकारले. त्याची घंटा सडकेनं चालली होती! तो निघाला, त्याच्यामागं अख्खा कळप निघाला. आम्ही पडत-उतरत वेळ काढला, तेवढ्यात त्यांनी अंतर तोडलं. गुरप्पाआप्पांनी आबांचा हात धरला होता आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी मेंढरं वाहत गेली. "आप्पा, सोडा! माझीच हायत ती!" म्हणून आबा ओरडत होते. आप्पा म्हणत होते, "असू दे रे, चाललेत की बाजाराला."

मला एवढंच कळलं की आता मागं आबा नाहीत. म्हणजे सायकल धरायला माणूस नाही. म्हणजे उतरायचं नाही. आणि त्याच वेळी माझ्या पुढं, सडकेच्या मधोमध, काळी शेरवानी आणि रुमी टोपी घातलेले, सावकाश पायडल मारत चाललेले गृहस्थ दिसले. शाळेचे मोठे मास्तर!

पुढं काढावं तर उद्धटपणा. मागं राहावं तर हळू चालवावी लागे, आणि ती सायकल हळू चालली की झोपायची. घंटी वाजवायची नाही, तर घंटा आपल्या आपण वाजतेय! मी एक हात सोडून सलाम केला. सायकल खड्ड्यातून गेली आणि घंटेनं आणखी तीन सलाम केले.

मोठे मास्तर त्रासून वळले. त्यांनी मला बघितलं. मग माझ्यामागं शिंगं रोखून धावत येणारा सरदार बघितला. मग सरदारच्या मागं बघितलं.

आणि त्यांनी पायडल जोरात मारायला सुरुवात केली.

मोठे मास्तर पळतायत म्हटल्यावर काहीतरी कारण असेल, म्हणून मीही जोर केला. मी जोर केला म्हणून घंटा वाढली, घंटा वाढली म्हणून मेंढरं वाढली. शाळेच्या फाटकातून आधी मास्तर आत गेले, मग मी, मग आमचं घराणं. मास्तर टोपी सावरत अदबीनं उतरले. मीही उतरलो. दगडाशिवाय, पहिल्यांदाच! खाली सरदार होता, त्यामुळं लागलं नाही.

मेंदी नुकतीच पुन्हा वाढली होती. मेंढरांना जागा पाठ होती.

"ये तो वही रेवड है!" मोठे मास्तर कळपाकडं बघत म्हणाले. मग माझ्याकडं बोट केलं. "और तुम! बड़ों को देखकर उतरते नहीं, मियाँ?"

"जी, उतरलो तर चढता येत नाही."

"तो शीट नीचे क्यों नहीं करते?"

तेवढ्यात आबा धापा टाकत पोचले. मुंडासं हातात, एक पायताण गायब. त्यांनी आधी मेंदी बघितली, मग मला, आणि मास्तरांसमोर खाली मान घालून उभे राहिले.

"साहेब, पोराचा गुन्हा न्हाय. शीट म्याच उंच ठिवली."

"क्यों?"

"तिच्यावर बसून अमीनसाहेब माझ्याशी बोलायचे, साहेब. माझ्या पोराला बी तिथं बसल्यालं बघायचं व्हतं."

मोठे मास्तर शेरवानीवरची लोकर झटकत राहिले. मग मला म्हणाले, "अंदर आओ." आणि परीक्षा सुरू झाली. मी वाचलं, पाढे म्हटले, गणितं सोडवली. खिडकीत सरदार उभा राहून ऐकत होता. त्याची घंटा परत मिळाल्याशिवाय तो हलणार नव्हता.

शेवटी मास्तर बाहेर येऊन आबांना म्हणाले, "लड़का अच्छा है. दाखला देता हूँ. पण एक शर्त. शीट चार बोटं खाली."

आबांचा चेहरा उतरला. मग एकदम त्यात बाजाराचा उजेड आला. त्यांनी खांद्यावरचा रुमाल घेतला, मोठ्या मास्तरांच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली त्यांची बोटं धरली! मेंढरांच्या बाजारात भाव असाच ठरतो, तोंडानं न बोलता, बोटं दाबून. मोठ्या मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. ते माझ्याकडं बघत राहिले. मी शाळेच्या शिपायाकडं बघितलं. शिपायानं भिंतीकडं बघितलं.

आबांनी दोन बोटं दाबली. मास्तरांच्या ध्यानात आलं. त्यांनी चार दाबली असावीत, कारण आबा "मरतो की, साहेब" म्हणाले. पुन्हा दाबादाबी. मोठे मास्तर आधी गंभीर होते. मग मिशीत हसले. मग त्यांनी चक्क डोळे मिटून नीट सौदा केला.

"तीन," आबा म्हणाले. "तुटला!" (बाजारात सौदा तुटला म्हणजे ठरला.)

"तुटला," मास्तर म्हणाले. त्यांनी दाखला दिला.

वाटेत आबांनी सायकल उभी केली, शीटवरची घोंगडीची घडी सोडली आणि खांद्यावर टाकली. "ही झाली दोन बोटं," ते म्हणाले. "आता लोखंड एकच बोट उतरवायचं."

तेव्हा माझे पाय काही भुईला टेकले नाहीत. ही लबाडी मोठ्या मास्तरांना पहिल्याच दिवशी दिसली असणार, कारण पुढच्या आठवड्यात शाळेच्या फाटकापाशी, आत येताना डाव्या हाताला, एक मोठा दगड आणून ठेवलेला होता. त्यावर मी शाळा संपेपर्यंत उतरलो.

पुढं मी मॅट्रिक झालो, कॉलेजात गेलो, बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला. शाळेत मेंढरं माझ्याआधी गेली होती, हे मी नाकारत नाही. पण त्यातलं एकही मॅट्रिकच्या पुढं गेलं नाही.