जाऊबाईंची फुगडी

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी फुगडी शिकले. हसा खुशाल. पण शिकताना मी एक पाप करून बसले, ते आधी कुणाला सांगितलं नव्हतं.

माझं माहेर लासूर स्टेशनजवळचं. आई निजामाच्या रझाकारांच्या काळात, त्यांच्या धास्तीत वाढलेली. घरातल्या बाईचा आवाज ओट्याखाली जाऊ नये, हे तिच्या हाडात भिनलेलं. पोलीस ॲक्शन होऊन कितीतरी वर्षांनी मी जन्मले, तरी पंचमीला पोरींनी फेर धरला की आई मला दंडाला धरून आत न्यायची. "नाचायची आदत आपल्या घरात नाय," एवढंच म्हणायची. पुढं मी शिकले, कचेरीत नोकरी केली, सिडकोत घर झालं, पण चार माणसांत पाय उचलायचा म्हटलं की माझं अंग लाकूड व्हायचं. भाच्याच्या वरातीत कुणी ओढायला आलं तर मी पाणी वाटायच्या निमित्तानं पळ काढायची.

नोकरी संपली त्या वर्षी कॉलनीतल्या बायकांनी मंगळागौरीचे खेळ बसवायला घेतले. शिकवायला एक निवृत्त शिक्षिका होत्या, सगळ्या त्यांना मॅडमच म्हणायच्या. पहिल्याच दिवशी फुगडीत माझी जोडीदारीण वैतागली. "अहो, तुम्ही मागं झुकतच नाही. मी एकटीनं किती ओढू?" बाकीच्या फिदीफिदी हसल्या. मी घरी आले आणि दारातच चप्पल भिरकावली.

घरात माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या. भावजी त्यांच्या ऐन तरुणपणी गेले. पुढं सगळं आयुष्य त्यांनी कन्नडकडच्या आमच्या गावी शेत सांभाळण्यात काढलं आणि दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं राहायला आल्या. माझी रड ऐकून त्या उठल्या आणि एकटीनं सोफा भिंतीला लावला.

"ये इकडं. पायाला पाय भिडव. कोपर ताठ. आता अंग टाक मागं."

"पडेन ना जाऊबाई!"

"मी धरलंय न्हवं? भरवसा नाय व्हय माझा?"

नव्हताच. अर्ध्या गिरकीत माझे कोपर वाकायचे, डोकं गरगरायचं. त्या म्हणाल्या, "समोरचीच्या कुंकवावर नजर ठेव, म्हंजी चक्कर येत नाय. माझ्याकडं ते नाय, तू आपली नाकाकडं बघ. नाक चांगलं मोठं दिलंय देवानं." आणि स्वतःच खदखदून हसल्या.

रोज दुपारी आम्ही खेळायचो. पंधराएक दिवसांनी एकदा मी सगळं अंग सोडून दिलं. काय सांगू! घर फिरलं, पंखा फिरला, माझी भीती कुठल्या कुठं गेली. दम लागून आम्ही फरशीवरच बसलो. तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "लग्नानंतर दोनच श्रावण खेळले गं. मग हे गेले, आन् मी फेराभाईर बसले ती बसलेच. चार बायांत मरायच्या आधी एकदा खेळायची लई हौस हाय."

"मग चला की माझ्याबरोबर! मी विचारते मॅडमना," मी म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले, देवाशपथ.

दोन दिवसांनी मॅडम लुगड्याचा रंग सांगायला घरी आल्या. आमची फुगडी चाललेली. त्या दारातच थांबल्या. जाऊबाई लाजून चहा टाकायला आत गेल्या, तशा मॅडम मला म्हणाल्या, "अहो, या तर भिंगरी आहेत! उद्यापासून घेऊन या त्यांना. सवाष्ण, विधवा असलं आम्ही काही मानत नाही. कार्यक्रमात यांनाच मधे घेऊ."

यांनाच मधे! आणि मी? सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा माझे पाय मोकळे झाले होते. लोकांनी एकदा माझ्याकडं बघावं, माझं कौतुक करावं, असं मला वाटायला लागलं होतं. त्यांच्या शेजारी मला कोण बघणार? जळलं मेलं माझं मन, पण तेव्हा तेच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना मी सांगितलं, "जाऊबाईंचे गुडघे दुखतात, नाही म्हणाल्या." आणि घरी येऊन जाऊबाईंना सांगितलं, "विचारलं हो मी. पण मंगळागौर सवाष्णींचीच असते म्हणतात."

त्या म्हणाल्या, "व्हय, खरं हाय. मीच येडी." आणि सोफा सरकवायला उठल्या. मला शिकवायचं त्यांनी एक दिवसही बंद केलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मला नऊवारी त्यांनीच नेसवली. हॉल वरच्या मजल्यावर होता. त्या मागच्या रांगेत बसल्या. माझी फुगडी अशी रंगली की बायकांनी शिट्ट्या मारल्या. मी हवेत होते. नंतर उपमा खाताना मॅडम जाऊबाईंजवळ आल्या. "काय हो, इतक्या आग्रहानं बोलावलं होतं मी, आणि तुम्ही गुडघ्यांची सबब सांगितलीत!"

मी उपम्याची ताटली खाली ठेवली. जाऊबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं.

"व्हय मॅडम," त्या म्हणाल्या. "लई दुखतात."

आम्ही निघालो. मॅडम निरोप द्यायला जिन्यापर्यंत आल्या. रोज दोन्ही हातांत बादल्या घेऊन गच्ची चढणारी माझी जाऊ, कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत खाली उतरली. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून. रिक्षात त्या भाजीचे भाव बोलत राहिल्या.

आठ दिवस मी तोंड चुकवत होते. शेवटी एका सकाळी मेथी निवडताना बोलून टाकलं. "जाऊबाई, मी तुम्हाला फसवलं. तुमच्यापुढं माझ्याकडं कुणी बघितलं नसतं, म्हणून."

"ते मला तितंच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. "'जाऊबाई, एवढ्या बारीला मला एकटीला नाचू द्या' म्हनली असतीस, तर मी हसत घरी बसले असते. तू ल्हान हायस मला. पर त्यासाठी माझं रांडपण कशाला पुढं केलंस? सासूनं केलं, गावानं केलं. तू शिकलेली."

मी पाया पडले. "असू दे," म्हणाल्या आणि मेथी धुवायला घेऊन गेल्या. लाज वाटली मला. अजून वाटते.